प्लग वाचणारे काका

सकाळी साडेनऊच्या सुमारास दारावर दोन टकटक व्हायच्या आणि आई हाताचं पीठ झटकत म्हणायची, "जा, काकांचा गॅस बघून ये."

काकांचा गॅस बंदच असायचा. त्यांनी तो स्वतःच्या हाताने, रेग्युलेटरसकट, बंद केलेला असायचा. तरी मी जिना उतरून त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं, वाकून नॉब बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "बंद आहे." मग काका कुलूप लावायचे, ते ओढून बघायला मला सांगायचे आणि पिशवी घेऊन निशातगंजच्या बाजारात निघून जायचे. मी नसले तर आई जायची, आई नसली तर समोरची शुक्लाआंटी. एकदा कुणीच नव्हतं तेव्हा त्यांनी गल्लीतून जाणाऱ्या कुरियरवाल्याला आत बोलावून गॅस दाखवला होता. तो बिचारा तेव्हापासून पार्सल लांबूनच द्यायचा.

काका आमचे घरमालक. मूळचे साताऱ्याकडचे, पण हवाई दलातली नोकरी संपल्यावर लखनौलाच राहिले. मुलगी लग्न होऊन पुण्याला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. नोकरीत ते इंजिन फिटर होते, शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांवर. तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही. बोल्ट आवळणारा एक आणि तपासणारा दुसरा. विमान वर गेलं की रस्त्याच्या कडेला थांबवता येत नाही, म्हणून हा नियम. काकांनी तो डाळीच्या मिठापासून मनीऑर्डरच्या फॉर्मपर्यंत सगळ्याला लावला होता.

"आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, पोरी," ते म्हणायचे. "डोळा आपल्याच हाताच्या पार्टीतला असतो."

आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो तेही याच नियमामुळे. बाबांची सरकारी कंपनीतली बदली नागपूरहून लखनौला झाली आणि आम्ही भाड्याचं घर शोधत हिंडत होतो. घर आवडायचं, चहा यायचा, मग हळूच पूर्ण नाव विचारलं जायचं. नाव ऐकलं की ती जागा नेमकी आदल्या दिवशी कुणाला तरी दिलेली निघायची. असे तीन मालक झाले. माझं डोकं इतकं तापलं होतं की चौथ्या दारात उभी राहतानाच मी बाबांना म्हणाले, "आडनाव मी सांगते, आणि आधी सांगते." सांगितलं. काकांनी ते ऐकलं की नाही तेसुद्धा कळलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता.

"तुमच्यापैकी चष्मा कुणाला नाही?"

"मला नाही," मी म्हणाले.

"मग ठीक. सकाळी गॅस बघायला यावं लागेल. भाडं भाऊंशी बोलतो."

मी समतेवर शेकडो पत्रकं वाचली आहेत. मी अक्षरं शिकले तीच मुळी पत्रकांवर. बाबा दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीतून गठ्ठा आणायचे आणि आई त्यांतली मोठी अक्षरं मला वाचायला लावायची. आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी तक्रार मागण्यांसकट मांडली जायची. पण चष्मा कुणाला नाही, या प्रश्नाइतकी समता मला लखनौत दुसऱ्या कुठल्या दारात मिळाली नव्हती.

काकांकडे स्वतःची गाडी नव्हती. ते चालत जायचे, फार तर सायकलने. "इंजिन माझं कधीच नव्हतं, सरकारचं होतं," हे त्यांचं स्पष्टीकरण. मात्र प्लग काढायचा पाना त्यांच्या पिशवीत कायम. कुणाचीही स्कूटर किंवा मोटरसायकल दाराशी उभी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. इंजिन गार असेल तर परवानगी मागायचे, प्लग काढायचे, उजेडात धरायचे आणि वाचायचे. टोक तपकिरी असेल तर माणूस सुखी. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय, मालकाचं लक्ष नाही. "माणूस म्हणेल मी गाडी जपतो. प्लगला विचारा," असं म्हणून ते तो मालकाच्या नाकासमोर धरायचे.

शुक्लाआंटींच्या भाचीला बघायला कानपूरहून मंडळी आली होती तेव्हा हे फारच अंगाशी आलं. सगळे वर समोसे खात होते. नवऱ्या मुलाची मोटरसायकल खाली. काका तिचा प्लग हातात घेऊनच वर गेले.

"लड़का अच्छा है," भर बैठकीत त्यांनी जाहीर केलं. "पढ़ा-लिखा है. लेकिन दो साल से इसने प्लग नहीं देखा."

आंटींनी कपाळाला हात लावला. मुलाची आई म्हणाली, "भाईसाहब, आप हैं कौन?" भाची मात्र आतल्या खोलीतून खो खो हसत बाहेर आली आणि तिने मुलाला विचारलं, "सच में नहीं देखा?" तो लाजून म्हणाला, "मुझे तो मालूम ही नहीं था कि देखना होता है." लग्न झालं. मंडपाच्या दारात सजवलेल्या गाडीचा प्लग काकांनीच बसवला आणि आंटींनी तो तपासला.

आता माझ्या स्कूटरचं सांगते. बाबांची जुनी स्कूटर मी विद्यापीठात न्यायचे. एका आठवड्यात ती दोनदा गोमतीच्या पुलावर बंद पडली, दोन्ही वेळा हजरतगंजकडच्या लायब्ररीतून परतताना, संध्याकाळच्या गर्दीत. दुसऱ्या वेळेनंतर दोन दिवसांनी मी ती रिजवान मिस्त्रींकडे टाकली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि भिंतीवर टांगलेल्या क्लचच्या तारा. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर बिल पाहून माझे डोळे फिरले. साध्या प्लगऐवजी त्यांनी सुईसारख्या बारीक टोकाचा, इरिडियमचा, महागडा प्लग घातला होता. साध्याच्या पाचपट किंमत.

"मैंने तो नहीं कहा था," मी म्हणाले.

"बिटिया, अच्छी चीज़ है. परेशानी नहीं होगी."

"पूछना चाहिए था ना! आपने किससे पूछा?"

रिजवान मिस्त्रींनी हातातल्या चिंधीकडे पाहिलं, मग गल्लीत आमच्या घराच्या दिशेने पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अब लग गया है, बिटिया. नाराज़ न हों."

तेवढं मला पुरेसं होतं. पैसे मी शिकवण्या घेऊन मिळवलेले होते. त्या रात्री मी फोनवर चार व्हिडिओ पाहिले. चारही जण महागडा प्लग हातात नाचवत पिकअप, मायलेज आणि इंजिनाचं आयुष्य यांच्या गोष्टी सांगत होते, आणि चौघांच्याही खाली तो विकत घ्यायचा दुवा होता. माझ्यासारख्या, ऊठसूट पत्रक काढणारीला यापेक्षा जास्त काय लागतं? सकाळपर्यंत हिंदीत पत्रक तयार झालं. मथळा: 'चमकते प्लग की लूट'. शेवटच्या परिच्छेदात: 'हमारी गली के रिज़वान मिस्त्री भी इसी लूट के हिस्सेदार हैं.'

माझं प्रत्येक पत्रक छापण्याआधी काका तपासायचे. ते आमच्यात ठरूनच गेलं होतं. मी त्यांचा गॅस बघायचे, ते माझी वाक्यं. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं आणि कागद परत दिला.

"हे तू मोजलंस का?"

"काय मोजायचं? उघड आहे."

"उघड असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं. गाडी माझ्याकडे दे. बारा दिवस."

त्यांची पद्धत अशी होती. रोज सकाळी माझ्या स्कूटरमध्ये प्लग ते स्वतः बसवणार, कधी साधा नवा, कधी महागडा. कुठला ते मला सांगणार नाहीत. मी दिवसभर गाडी चालवायची आणि संध्याकाळी ओळखायचं.

पहिल्या संध्याकाळी मी जिन्यातूनच ओरडले, "साधा!"

"महागडा होता," काका म्हणाले.

पाचव्या दिवशी गाडी अशी काही पळाली की मी स्वतःच अचंबित झाले. हजरतगंजच्या सिग्नलला सगळ्यांच्या पुढे. मी घरी येऊन प्रामाणिकपणे कबूल केलं, "काका, आज मात्र महागडाच. मान्य करते, पिकअप वेगळाच होता."

काका इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. "अगं, तुझाच जुना होता तो! रिजवानने डब्यात टाकलेला. मागून आणला, ब्रश मारला, टोकांमधली गॅप नीट केली."

"मग पिकअप?"

"तुझी परीक्षा संपली ना काल? पिकअप तुझा आहे."

बारा दिवसांत मी पाच वेळा बरोबर आले आणि सात वेळा चुकले. काका म्हणाले की नाणं उडवलं असतंस तर अब्रू जरा बरी राहिली असती. मला त्याचं काही नव्हतं. मी तर नाचत होते. "म्हणजे फरक नाहीच! म्हणजे लूटच!"

"तुझ्या गाडीला फरक नाही," काका म्हणाले. "तू दिवसाला चालवतेस किती? निशातगंज ते विद्यापीठ. आता मागे बसतो, चारबागला चल."

स्टेशनबाहेर बाईक-टॅक्सीवाल्या मुलांचा घोळका होता. काकांनी त्यांतल्या एकाला गाठलं, नेहमीप्रमाणे आधी प्लग बघायची परवानगी मागितली, आणि काढला तर तोच निघाला, सुईच्या टोकाचा. मी विचारलं, "भैया, इतना महँगा क्यों?"

"दीदी, हम दिन भर सड़क पे हैं," तो म्हणाला. "सस्ता वाला जल्दी-जल्दी बदलना पड़ता था. ये लंबा चलता है. और एक बार अमौसी जाते में गाड़ी बंद हुई थी. पीछे सवारी, उसकी फ़्लाइट. उसने जो-जो सुनाया, वो आपको बता नहीं सकते."

"तेज़ चलती है इससे?"

"अरे कहाँ! तेज़ तो चालान के डर से चलती है."

परत येताना पूर्ण रस्ता मी डोक्यात वाक्यं बदलत होते. घरी येऊन पत्रक नव्याने लिहिलं. रोज थोडंच फिरणाऱ्याने साधा प्लग घ्यावा, आधी जुना साफ करून बघावा. दिवसभर गाडीवर पोट असणाऱ्याला महागडा परवडतो, कारण तो टिकतो. वेगासाठी मात्र कुणीच घेऊ नये. मला ते पत्रक आजही आवडतं. त्यात आरोळ्या कमी होत्या आणि माहिती जास्त. फक्त शेवटचं वाक्य मी हलवलं नाही. कारण माझी गाडी रोज थोडीच फिरणारी, हे रिजवान मिस्त्रींना माहीत होतं, आणि तरीही त्यांनी न विचारता महागडा घातला होता. तो अन्याय होता आणि त्याला नाव होतं.

काकांनी सगळ्या परिच्छेदांवर पेन्सिलने बरोबरची खूण केली. शेवटच्या वाक्याशी त्यांची पेन्सिल थांबली.

"हे उद्या बघतो."

उद्या झाला, परवा झाला. मी विचारलं की म्हणायचे, "बघतो, बघतो." ज्या माणसाने बंद गॅस बघायला उशीर केल्याबद्दल मला एकदा सुनावलं होतं, तो एका वाक्यापाशी अडून बसला होता. मधल्या काळात मी गल्लीतून जाताना रिजवान मिस्त्रींच्या सलामाला उत्तर देत नव्हते. एकदा तर दोन गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "आजकल बिना पूछे क्या-क्या लग रहा है?" ते दोघे वळून मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्री मान खाली घालून चाक फिरवत राहिले.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. काकांची खूण नसतानाच मी अमीनाबादच्या छापखान्यात दोनशे प्रती काढल्या. रविवारी सकाळी बाजार भरायच्या आत वाटायच्या म्हणून गठ्ठा घेऊन खाली उतरले, तर काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट.

"छापलंस?"

"तुम्ही बघतच नव्हता."

"बघू शकत नव्हतो," ते म्हणाले. "माझंच काम होतं ते."

मला कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुलावर दोनदा तुझी गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी मी रिजवानला जाऊन सांगितलं, त्या पोरीच्या गाडीत तुझ्याकडचा सगळ्यात भारी प्लग घाल. आणि माझं नाव सांगू नको, अशी शपथ घातली त्याला."

"का? मला का नाही सांगितलं?"

"घाबरलो."

"कुणाला?"

"तुला! मागच्या महिन्यात पत्रक नव्हतं का काढलंस? मुलींची काळजी करण्याच्या नावाखाली त्यांचे निर्णय स्वतः घेणारे पुरुष, म्हणून. मीच तपासलं होतं. चांगलं होतं. मला वाटलं, पुढच्या पत्रकात मी."

मला हसू येत होतं आणि रागाने कान तापले होते, दोन्ही एकदम. कारण त्यांनी केलं होतं ते अगदी तेच होतं. माझे पैसे, माझी गाडी, आणि निर्णय त्यांचा. पण त्याहून वाईट मी केलं होतं. एका माणसाने दिलेला शब्द पाळला, भर गिऱ्हाइकांत टोमणे ऐकून घेतले, आणि मी त्याचं नाव लुटारू म्हणून दोनशे वेळा छापून काखेत धरलं होतं.

"आधी बोलायचं होतं काका. गेले पंधरा दिवस तो माणूस..."

"माहीत आहे. म्हणून तर बूट घातलेत. चल."

रिजवान मिस्त्री नुकतंच दुकान उघडत होते. काका त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले, साहेबासमोर राहावं तसे, आणि म्हणाले, "रिजवान, क़सम वापस लेता हूँ. बता दिया इसको."

"अमाँ, शुक्र है," मिस्त्रींनी हातातलं कुलूप बाकड्यावर टाकलं. "अंकल, दो दिन और रुकते तो हम दुकान छोड़ के बाराबंकी चले जाते. बिटिया की नज़र से तो साइलेंसर गरम हो रहा था."

मला माफी मागायची होती. माझ्या पत्रकांत माफी मागा ही मागणी असंख्य वेळा आली असेल, पण स्वतः मागायची ही पहिलीच वेळ. मी नुसताच गठ्ठा पुढे केला. त्यांनी एक प्रत घेतली आणि वाचायला लागले. जुना प्लग साफ करण्याच्या परिच्छेदावर "सही है" म्हणाले, बाईक-टॅक्सीवाल्याच्या परिच्छेदावर "ये भी सही है." मग शेवटचं वाक्य आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सब काट देते हैं," मी घाईने म्हणाले. "अभी. एक-एक करके."

तिघांनी बाकड्यावर बसून खोडायला सुरुवात केली. मी जाड पेनने ते वाक्य खोडायचे, काका प्रत्येक प्रत उजेडात धरून आतलं नाव अजून वाचता येतं का ते बघायचे आणि येत असेल तर परत पाठवायचे. "ज़ रह गया," ते म्हणायचे. "मिस्त्री दिख रहा है." येणारे-जाणारे थांबत होते. शुक्लाआंटी वरून ओरडल्या, "कौन-सा काम बाँट रहे हो, हमें भी दो!" आणि खाली येऊन पन्नास प्रती घेऊन बसल्या. मिस्त्री खोडलेल्या प्रती गिऱ्हाइकांना स्वतःच वाटत होते. एकाने विचारलं, "ये काला क्या है?" तर म्हणाले, "हमारी तारीफ़ थी, ज़्यादा हो गई थी."

शेवटची प्रत उरली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ये रहने दीजिए, बिटिया. ये हम रखेंगे."

"इसमें तो आपको लुटेरा लिखा है!"

"लिखा है, मगर नाम कितना साफ़ छपा है. शादी के कार्ड के बाद पहली दफ़ा छपा है, और कार्ड में तो ग़लत छपा था."

काका हसले नाहीत. त्यांनी ती प्रत घेतली, खिशातलं पेन काढलं आणि त्या वाक्याखाली मोकळ्या जागेत हिंदीत लिहिलं: 'यह बात झूठ है. मेरे चुप रहने से छपी.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. मग पेन माझ्याकडे दिलं.

माझ्या पत्रकांखाली नाव नसतं. 'एक जागरूक नागरिक' एवढंच असतं. यावरही तेच होतं. मला ते नेहमी विनयाचं वाटायचं. त्या दिवशी पेन हातात धरल्यावर लक्षात आलं की रिजवान मिस्त्रींचं नाव मी छापलं होतं आणि स्वतःचं ठेवलं होतं झाकून. मी 'एक जागरूक नागरिक' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि त्यापुढे: 'बिना जाँचे लिखा. माफ़ी.'

सवयीने मी कागद काकांपुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"मी नाही. तू नाही," ते म्हणाले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी मिस्त्रींना दिला. "रिजवान, देख ले. तू पास करेगा तो होगा."

रिजवान मिस्त्रींनी काकांचा चष्मा लावला. तो त्यांना मोठा होत होता, एका हाताने धरावा लागला. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, अगदी छापखान्याच्या पत्त्यासकट. आम्ही दोघं बाकड्याजवळ उभे होतो. काकांनी आपले हात पाठीमागे बांधले होते आणि त्यांची बोटं हलत होती. मग मिस्त्रींनी उजवा अंगठा ग्रीसच्या डब्यात बुडवला, आमच्या दोन सह्यांच्या बरोबर खाली दाबला, नीट उमटला का ते बघितलं आणि म्हणाले, "पास."